कावळा आणि फांदी

एप्रिल २०२१ च्या अखेरच्या आठवड्यातील एका रात्री नांदेडहून माझ्या पुतण्याचा फोन आला. माझा धाकटा भाऊ चार दिवसांपासून तेथील एका रुग्णालयात होता. नाकाला प्राणवायूची नळी लागलेली, आणि घरच्यांपैकी कोणालाही जवळ बसण्याची मुभा नाही. हैदराबादहून नांदेड हे काही फार लांब नव्हे. एरवी रात्रीच्या गाडीत बसले की सकाळी चहाला माणूस तिथे पोहोचतो. त्या दिवसांत मात्र ते समुद्रापलीकडच्या गावाइतके दूर झाले होते. पुतण्या म्हणाला, "काका, इथे बहुतेकांना एक गोळी देतात. जंतांवरची जुनी गोळी आहे, आयव्हरमेक्टिन म्हणतात तिला. डॉक्टर म्हणाले, हवी असेल तर देतो, आग्रह नाही. तुम्ही सांगाल तसं करतो."

मी पस्तीस वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले. अनुमानाचे दोष सांगताना दर वर्षी काकतालीय न्यायाचे उदाहरण दिले. ताडाच्या झाडावर कावळा येऊन बसला, आणि त्याच क्षणी फळ पडले. म्हणून कावळ्याने फळ पाडले असे ठरत नाही. आपल्या मराठीत हीच गोष्ट अधिक घरगुती थाटात सांगतात: कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. हे सारे शिकवून निवृत्त झालेल्या मी त्या रात्री क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, "दे रे बाबा. बिघडतं काय?"

भाऊ बरा झाला. तेरा दिवसांनी घरी आला. त्या गोळीने तो वाचला याविषयी आमच्या घरात आज कोणाच्याही मनात संदेह नाही. त्याच्या शेजारच्या खाटेवर परभणीकडचे एक गृहस्थ होते. तीच गोळी त्यांनाही, त्याच परिचारिकेच्या हातून, दिली गेली होती. सहाव्या दिवशी ते गेले. त्यांच्याविषयी बोलणे निघाले की आमच्याकडे म्हणतात, "त्यांना उशीर झाला हो." भाऊ वाचला ते गोळीने, आणि ते गृहस्थ गेले ते मात्र गोळीमुळे नव्हे, उशिरामुळे. यशाचे श्रेय औषधाला आणि अपयशाचा दोष काळाला, अशी ही वाटणी. तिच्यात औषध कधी हरूच शकत नाही, आणि जे हरूच शकत नाही ते जिंकले असे तरी कशाच्या आधारावर म्हणावे?

पण मला आज तर्काचा दोष दाखवायचा नाही. तो शाळकरी मुलालाही दाखवता येतो. मला सलते ते माझे ते दोन शब्द: बिघडतं काय? त्यांत एक नैतिक सिद्धांत दडलेला आहे. तो असा की, माणूस मरणाच्या दारी असताना पुराव्याची वाट पाहणे हा निर्दयपणा होय. ज्याचा अपाय फारसा नाही ते औषध देऊन पाहणे हीच करुणा. हा सिद्धांत वरवर इतका निर्मळ दिसतो की त्याला विरोध करणारा माणूस पाषाणहृदयी वाटू लागतो. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत अर्ध्या जगाने हा सिद्धांत मानला, आणि उरलेल्या अर्ध्याने त्याला हसून दाखवले. हसणाऱ्यांचेही सारेच बरोबर होते असे नाही.

जुन्या औषधाविषयी माणसाला ओढ का वाटते, हे आधी समजून घेतले पाहिजे. आमच्या लहानपणी मराठवाड्यात हिवताप घरोघर असे, आणि कोयनेलाचा तो जिभेवरून न जाणारा कडवटपणा माझ्या पिढीला अजून आठवतो. सिंकोनाच्या सालीतून निघणाऱ्या त्या द्रव्याची जागा पुढे क्लोरोक्विनने घेतली. जर्मनीत बायरच्या प्रयोगशाळेत १९३४ साली हान्स आंडरझाग या रसायनज्ञाने ते प्रथम तयार केले. त्याचेच थोडे सौम्य भावंड म्हणजे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. ते पुढे हिवतापापेक्षा संधिवातावर आणि ल्युपससारख्या विकारांवर अधिक वापरले जाऊ लागले. आयव्हरमेक्टिनची जन्मकथा तर एखाद्या लोककथेसारखी आहे. जपानचे सातोशी ओमुरा यांनी एका गोल्फच्या मैदानाजवळून उचललेल्या मातीत एक सूक्ष्मजीव सापडला, अमेरिकेत विल्यम कॅम्बेल यांनी त्यापासूनच्या द्रव्यावर काम केले, आणि १९८७ पासून हे औषध आफ्रिकेत नदीकाठच्या अंधत्वाच्या रोगावर फुकट वाटले जाऊ लागले. २०१५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. ही औषधे आपल्या घरातल्या जुन्या गड्यासारखी असतात: स्वस्त, ओळखीची, कधी दगा न दिलेली. नव्या रोगाच्या भयाने गांगरलेल्या माणसाने त्यांच्याकडे धाव घ्यावी यात नवल नाही.

आणखी एक कारण आहे, आणि ते मला हसण्यावारी नेण्यासारखे वाटत नाही. जुन्या औषधाचा हक्क कोणा एकाच्या मालकीचा राहिलेला नसतो. त्यात कोणाला फार मोठा नफा नसतो. तेव्हा गरिबाच्या मनात येते, की हे औषध गुणकारी असले तरी ते तसे आहे हे सिद्ध करण्याची कोणाला गरज पडली आहे? २०२१ च्या उन्हाळ्यात रेमडेसिविरच्या एका कुपीसाठी लोकांनी दागिने मोडले, काळ्या बाजारात वाटेल ती किंमत मोजली. ज्याने ते पाहिले आहे, त्याने चार रुपयांच्या गोळीविषयीच्या लोकांच्या आशेला अडाणीपणा म्हणू नये. अशी शंका येण्याजोगे वर्तन औषधांच्या व्यापाराने अनेकदा केले आहे.

परंतु शंका रास्त असली म्हणून उत्तर खरे ठरत नाही. मार्च २०२० मध्ये फ्रान्समधील मार्सेय येथून एक लहानसा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेतलेल्या रोग्यांच्या नाकातील विषाणू सहा दिवसांत झपाट्याने नाहीसे होतात, असे त्याचे म्हणणे. हिशेब एकंदर ३६ रोग्यांचा होता: २० औषध घेतलेले, १६ न घेतलेले. आता हे २० पाहावेत. औषध मुळात २६ जणांना सुरू केले होते. सहा जण हिशेबातून गळले. का गळले? तिघे अतिदक्षता विभागात गेले, एक मरण पावला, एकाने मळमळीमुळे औषध सोडले, एक रुग्णालयातून निघून गेला. म्हणजे जो मेला तो यादीतच नाही! आमच्या घरात परभणीच्या त्या गृहस्थांना 'उशीर' या शब्दाने जसे यादीबाहेर ठेवले, तसेच हे. फरक इतकाच, की आमचे कुटुंब शोधनिबंध लिहीत नव्हते. तो निबंध अखेर डिसेंबर २०२४ मध्ये मागे घेण्यात आला. तोवर त्या ३६ जणांच्या आधारावर जगाने काय काय केले! अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी औषधाची जाहीर वाखाणणी केली, तेथील औषध-नियामकांनी २८ मार्चला त्याच्या तातडीच्या वापराला परवानगी दिली आणि १५ जूनला ती काढून घेतली. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मार्चमध्येच आरोग्यसेवकांनी प्रतिबंधक म्हणून ते घ्यावे अशी शिफारस केली. एप्रिलच्या आरंभी सरकारने निर्यात बंद केली आणि अमेरिकेची मागणी येताच थोडी खुली केली. मुंबईत धारावी आणि वरळीच्या वस्त्यांत ते वाटून पाहावे असा प्रस्ताव त्याच महिन्यात निघाला, आणि सुदैवाने मागे पडला. सुदैवाने म्हणतो ते औषधामुळे नव्हे. ज्याला 'नको' म्हणण्याची सवयच लागू दिलेली नाही, अशा वस्तीवर 'वाटून पाहणे' मला कधीच रुचलेले नाही.

विरुद्ध बाजूचीही एक कथा आहे, आणि ती अधिक लाजिरवाणी. २२ मे २०२० रोजी लंडनच्या 'लॅन्सेट' या विख्यात नियतकालिकात एक निबंध आला. ६७१ रुग्णालयांतील ९६,०३२ रोग्यांची माहिती पाहून हे औषध घातक ठरते असा निष्कर्ष त्यात काढला होता. औषधाची टर उडवणाऱ्यांना आनंद झाला. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतील त्या औषधाचा भाग थांबवला. पण ती माहिती कोणी प्रत्यक्ष पाहू म्हणाले, तेव्हा ती पुरवणाऱ्या कंपनीला दाखवता येईना. ४ जूनला, म्हणजे तेरा दिवसांत, निबंध मागे घेतला गेला. मार्सेयचा हिशेब ३६ माणसांचा म्हणून अविश्वसनीय, तर हा लाखभर माणसांचा म्हणून विश्वसनीय, असे शहाण्यासुरत्यांनी मानले. ज्याला जे ऐकायचे होते ते त्याने ऐकले. श्रद्धाळूंची श्रद्धा आणि संशयवाद्यांचा संशय, दोघांचीही भूक सारखीच होती.

येथे मला माझ्या गावाची एक जुनी गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या हैदराबादेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड लॉरी नावाचे शल्यवैद्य होते. ते रेसिडेन्सीचे सर्जन आणि येथील वैद्यकीय विद्यालयाचे प्रमुख. तेव्हा वाद होता क्लोरोफॉर्मचा. शस्त्रक्रियेसाठी ते हुंगवताना एखादा रोगी अकस्मात दगावे. त्याचे हृदय आधी थांबते की श्वास आधी थांबतो, हा प्रश्न. लॉरींचे ठाम मत होते की श्वास सांभाळला तर क्लोरोफॉर्म निर्धोक आहे, हृदयावर त्याचा थेट घाला पडत नाही. हे मत पोकळ नव्हते. त्यामागे हजारो रोग्यांचा अनुभव होता. १८८८ मध्ये त्यांनी एक आयोग नेमवून कुत्र्यांवर प्रयोग केले. इंग्लंडात शंका निघाली, तेव्हा निजाम सरकारने एक हजार पौंड देऊ करून त्याच 'लॅन्सेट'ला सांगितले की तुमचा माणूस पाठवा आणि खात्री करून घ्या. लॉडर ब्रंटन हे नामांकित डॉक्टर १८८९ मध्ये आले. पुन्हा शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले, आणि ब्रंटनही लॉरींच्या मताचे होऊन परतले. हैदराबादचे नाव जगाच्या वैद्यकात गाजले. पुढे १९११ मध्ये लंडनच्या गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की, क्लोरोफॉर्मची गुंगी हलकी असताना हृदयाचे ठोके विस्कटून ते खरोखरच एकाएकी बंद पडू शकते. मधल्या वीस-बावीस वर्षांत श्वासावर नजर ठेवून हृदयाकडे निश्चिंतपणे दुर्लक्ष करणाऱ्या किती टेबलांवर किती माणसे गेली, त्याची मोजदाद नाही.

लॉरी लबाड नव्हते. लोभी नव्हते. विरोधकाने पाठवलेल्या परीक्षकाचे त्यांनी स्वागत केले, यापेक्षा प्रामाणिकपणाची अधिक साक्ष ती काय? तरी ते चुकले. म्हणूनच ही गोष्ट मला मार्सेयच्या गोष्टीपेक्षा अधिक अस्वस्थ करते. अप्रामाणिक माणसाची चूक आपण नीतीच्या खाती टाकतो आणि मोकळे होतो. प्रामाणिक, अनुभवी, दयाळू माणसाची चूक कोणत्या खाती टाकायची?

माझे एक डॉक्टर स्नेही आहेत. वय माझ्याएवढेच. साथीच्या दिवसांत, मुलांनी विनवण्या केल्या तरी त्यांनी दवाखाना बंद ठेवला नाही. अशा माणसाशी वाद घालताना आपली जीभ आपोआप नम्र होते. ते मला म्हणाले, "तुम्ही तत्त्वज्ञ मंडळी घरात बसून पुरावा मागता. रणांगणात कोणी चिठ्ठ्या टाकत नाही. समोरचा गुदमरतोय, हातात औषध आहे, ते द्यायचं. २०२० च्या एप्रिलमध्ये सगळ्या जगाचे नियम सांगत होते की स्टेरॉइड नेहमीच्या वापरात आणू नका. मी दिली. दोन महिन्यांनी तुमच्या ऑक्सफर्डवाल्यांनी काय सांगितलं? मीच बरोबर होतो."

ते बरोबर होते. हे मान्य केल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण मी त्यांना विचारले, "त्याच एप्रिलमध्ये त्याच रोग्यांना आपण हायड्रॉक्सिक्लोरोक्विनही देत होता ना?" म्हणाले, "हो, देत होतो." मी विचारले, "दोहोंपैकी कोणत्या औषधाविषयी आपली खात्री अधिक होती?" ते जरा वेळ गप्प राहिले. माणूस सरळ आहे. म्हणाले, "खरं सांगू? क्लोरोक्विनबद्दल."

या संभाषणात माझ्या सबंध प्रश्नाचे सार आहे असे मला वाटते. एकाच अनुभवी हाताने, एकाच करुणेने, दोन जुनी औषधे दिली. एक तारक निघाले, एक निरुपयोगी. पण आतून पाहता दोन्ही खात्रींचा रंग एकच होता. किंबहुना जी खोटी होती ती थोडी अधिक उजळ होती. खरी खात्री आणि खोटी खात्री यांना वेगळे ओळखण्याची कोणतीही खूण मनाच्या आत नाही. ती बाहेरच शोधावी लागते.

ती बाहेरची खूण म्हणजे चिठ्ठ्या. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्डच्या पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे यांनी 'रिकव्हरी' नावाची जी चाचणी मांडली, तिची रीत अगदी साधी होती. रुग्णालयात आलेल्या रोग्याची संमती घ्यायची, आणि नेहमीच्या उपचाराबरोबर अमुक औषध द्यायचे की नाही हे डॉक्टरने नव्हे, नशिबाने ठरवायचे. मग अठ्ठावीस दिवसांनी दोन्हीकडचे मृत मोजायचे. सगळे मोजायचे, कोणालाही यादीबाहेर ठेवायचे नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन १,५६१ जणांना मिळाले आणि ३,१५५ जणांना मिळाले नाही. मिळालेल्यांत शेकडा २७ मेले, न मिळालेल्यांत शेकडा २५. उपयोग नाही, हे ५ जून २०२० रोजी जाहीर झाले. अकरा दिवसांनी, १६ जूनला, त्याच चाचणीने डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा निकाल दिला. हेही साठ वर्षांहून जुने, कवडीमोलाचे औषध. कृत्रिम श्वसनयंत्रावर असलेल्या ज्या रोग्यांना ते मिळाले त्यांच्यात शेकडा २९.३ मेले, ज्यांना मिळाले नाही त्यांच्यात शेकडा ४१.४. जुन्या औषधाला न्याय मिळत नाही ही जी रास्त शंका होती, तिचे उत्तर अखेर चिठ्ठ्यांनीच दिले. एका जुन्या औषधाचा दावा त्यांनी फेटाळला आणि दुसऱ्याच्या माथ्यावर टिळा लावला, आणि दोन्ही वेळी कोणाचे तोंड पाहिले नाही.

येथे थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण वरचा शेवटचा आकडा पुन्हा वाचावा. श्वसनयंत्रावरील ज्या रोग्यांच्या चिठ्ठीवर डेक्सामेथासोन आले नाही असे ६८३ जण होते. त्यांतले २८३ गेले. त्या सर्वांना ते औषध मिळाले असते तर, त्रैराशिकाने पाहता, ऐंशीच्या आसपास माणसे वाचली असती. औषध त्याच इमारतीत, बहुधा त्याच मजल्यावरच्या कपाटात होते. किंमत अगदी किरकोळ. ही ऐंशी माणसे कोणाची तरी भाऊ होती, आई होती. चिठ्ठी टाकणाऱ्यांनी त्यांना मारले नाही, हे खरे. पण त्यांच्या मरणातून आपण शिकलो, हेही तितकेच खरे. मनुष्य हा साध्य असावा, साधन नव्हे, असे कान्टचे म्हणणे मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. ते वाक्य या ऐंशी जणांच्या खाटेशी उभे राहून उच्चारण्याचा धीर मला होत नाही.

याला एक उत्तर आहे आणि ते मी देतो, पण त्याने मन पुरते शांत होते असा माझा दावा नाही. चिठ्ठी टाकली त्या घटकेला कोणती बाजू सुदैवाची हे कोणालाही माहीत नव्हते. मद्रासेत १९५६ साली क्षयरोगाच्या उपचारासाठी एक केंद्र उघडले, आणि तेथे एक चाचणी झाली. गरीब रोग्यांपैकी कोणाला आरोग्यधामात ठेवायचे आणि कोणाला गोळ्या देऊन त्यांच्या त्याच कोंदट घरी पाठवायचे, हे चिठ्ठ्यांनी ठरले. ज्यांना घराची चिठ्ठी आली त्यांना पाहून कोणाचेही मन कळवळले असते. आरोग्यधामात विश्रांती, मोकळी हवा, दूध, अंडी; घरात यांपैकी काही नाही. निकाल १९५९ मध्ये आला: दोन्हीकडचे रोगी जवळजवळ सारखेच बरे झाले, आणि घरच्या माणसांना रोग अधिक जडला असेही दिसले नाही. ज्यांना आपण वंचित समजत होतो ते वंचित नव्हतेच. त्या एका निकालाने आरोग्यधामाची खाट कधीच न मिळणाऱ्या अगणित क्षयरोग्यांना घरबसल्या उपचाराचा मार्ग खुला झाला. करुणेला विचारले असते तर तिने आणखी आरोग्यधामे बांधा असे सांगितले असते, ती पैशांअभावी बांधली गेली नसती, आणि लोक मेले असते.

तेव्हा चिठ्ठी टाकणारा रोग्याशी जुगार खेळत नाही. जुगार डॉक्टर एरवीही खेळतच असतो, फक्त त्याला अनुभव असे नाव देतो. चिठ्ठी टाकणारा इतकेच कबूल करतो की मला माहीत नाही. आजाऱ्याच्या उशाशी उभे राहून 'मला माहीत नाही' म्हणणे हे फार जड काम आहे, आणि ज्याच्या पदरी दया नाही त्याच्याने ते होणार नाही असे मला वाटू लागले आहे. तरीही ते ऐंशी जण ऐंशीच राहतात. त्यांचे ऋण आहे, आणि ज्याने ज्याने पुढे ते औषध घेऊन प्राण राखले त्याच्या डोक्यावर ते आहे. माझ्या भावाच्याही आहे, कारण त्या रुग्णालयात त्याला डेक्सामेथासोनही मिळत होते. घरी मात्र त्याचे नाव कोणालाच आठवत नाही; ते सुईवाटे गेले. लक्षात राहिली ती गोळी.

आता त्या दोन शब्दांकडे येतो. बिघडले काय? माझ्या भावाचे काही बिघडले नाही. पण एकाच्या 'बिघडतं काय'ला लाखांनी गुणले की बेरीज निराळी होते. २०२० च्या वसंतात आमच्या शेजारच्या वहिनींना संधिवाताची गोळी मिळेना. वर्षानुवर्षे जी गोळी त्या घेत होत्या ती धडधाकट माणसांनी घरात साठवून ठेवली होती. त्यांची बोटे त्या महिन्यात अशी आखडली की पोळी लाटता येईना. मे २०२१ मध्ये गोव्याच्या सरकारने अठरा वर्षांवरील सर्वांना, रोग असो वा नसो, आयव्हरमेक्टिन देण्याचे जाहीर केले. जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मार्चलाच सांगितले होते की हे औषध चाचणीखेरीज वापरू नये. पुढे ब्राझीलमध्ये १,३५८ रोग्यांवर चिठ्ठ्या टाकून झालेल्या चाचणीत त्याचा काही लाभ दिसला नाही, हे मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या राष्ट्रीय उपचारपद्धतीतून सप्टेंबर २०२१ मध्ये दोन्ही जुनी औषधे गळली. या मधल्या काळात देशात त्या गोळ्यांच्या किती पट्ट्या रिकाम्या झाल्या, आणि त्यांतून आपण जवळजवळ काहीच शिकलो नाही. प्रत्येक गोळी एक प्रश्न विचारीत होती. उत्तर टिपून घ्यायला कोणी बसलेले नव्हते. ब्रिटनने काही हजार माणसांत जे जाणून घेतले ते आपल्याला कोट्यवधींतही गवसू नये, हे मला भारतीय म्हणून झोंबते.

आणि जे सिद्ध झाले होते त्याचेही आपण काय केले? डेक्सामेथासोनच्या त्याच चाचणीत आणखी एक ओळ होती: ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती त्यांना ते देऊन लाभ दिसला नाही, झाला तर अपायच असावा असा झुकाव होता. ती ओळ कोणी वाचली नाही. २०२१ मध्ये साध्या तापालाही पहिल्या दिवसापासून स्टेरॉइड घेणारे घराघरांत होते. त्यांत मधुमेहाची भर पडली, आणि काळ्या बुरशीने महाराष्ट्रात आणि इकडेही कित्येकांचे डोळे, जबडे नेले. तीक्ष्ण विषही नीट योजल्यास उत्तम औषध होते आणि औषध वाईट योजल्यास विष होते, हे चरकाने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. त्याच ग्रंथात 'भिषङ्मानी' असा एक अप्रतिम शब्द आहे: जो वैद्य नसून स्वतःस वैद्य मानतो तो. चरक म्हणतो, ज्याचे आयुष्य उरलेलेच होते असा एखादा रोगी अशा माणसाच्या हातून योगायोगाने वाचतो, आणि मग त्या बळावर तो इतर शेकडोंना घालवतो. मी हे वाचत असे तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे गावचा वैदू यायचा. आता नांदेडला फोनवर 'दे रे बाबा' म्हणणारा एक निवृत्त प्राध्यापक येतो.

कारण त्या रात्रीचे खरे मला आता सांगितले पाहिजे. गोळीने भावाचे काय केले ते मला माहीत नाही. माझे काय केले ते माहीत आहे. 'दे' म्हटल्यावर मला झोप लागली. चार रात्री जागून काढलेल्या मला आपण काहीतरी केले असे वाटले. ते औषध माझ्यावर लागू पडले, भावाच्या पोटातून. माझी असहायता मला सोसवत नव्हती, तिच्यावरचा उतारा मी त्याच्या तोंडात घातला आणि त्याला करुणा म्हटले. यात काही भयंकर पाप घडले असे मी म्हणत नाही. तशी रात्र पुन्हा आली तर मी 'दे' म्हणणार नाही, अशी प्रतिज्ञाही माझ्याने होत नाही. एवढे मात्र वाटते, की पुतण्या त्या वेळी माझ्याकडे उत्तर मागत होता, आणि मी त्याला धीर दिला. आणि या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे त्याला सांगितले नाही.

गेल्या दिवाळीत भाऊ सहकुटुंब आमच्याकडे आला होता. जेवणानंतर मी हा सारा विचार त्याच्यापुढे मांडला; लेख छापण्यापूर्वी त्याची परवानगी घ्यावी हाही हेतू होता. तो सुपारी कातरत शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे अण्णा, मी गोळीने वाचलो नाही?"

मी म्हणालो, "तसं नाही म्हणत मी. कशाने वाचलास ते मला सांगता येत नाही, एवढंच."

"पण वाचलो तर खरा ना?"

"वाचलास."

तो थोडा हिरमुसला असावा. "परभणीच्या त्या गृहस्थांचा मुलगा मला मध्ये भेटला होता," तो जरा वेळाने म्हणाला, "त्याने विचारलं, तुम्हांला ती गोळी कितव्या दिवशी दिली? मी म्हटलं, चौथ्या. तो म्हणाला, आमच्या वडिलांना तिसऱ्याच दिवशी दिली होती." एवढे बोलून त्याने सुपारीचे ताट माझ्याकडे सरकवले.